बंद पडलेल्या सायडिंगवर चालण्या-सायकलची वाट: खडी उचलायची की ठेवायची? (ठाणे-बेलापूर पट्टा)

खाडीकाठ

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना माल पोचवायला टाकलेली एक ब्रॉडगेज सायडिंग आमच्या वसाहतीच्या मागून जाते. तिच्यावर आता गाडी येत नाही. नकाशावर मोजली तर लांबी १.६ किमी. भराव बहुतेक ठिकाणी दीड मीटर उंच, रस्त्याजवळ तीन मीटर. वाटेत भरावाखालून पाणी जायला दोन पाइपमोऱ्या आणि एक स्लॅबची मोरी आहे. एक डांबरी रस्ता तिरका आडवा जातो. शेवटचे तीनेकशे मीटर तिवरांना (खारफुटीला) लागून आहेत. रूळ आहेत, पण मधले काही तुकडे गायब. स्लीपर काही बिडाच्या प्लेटवाले, काही लाकडी.

इथे चालायला, सायकलला आणि व्हीलचेअरला चालेल अशी वाट व्हावी म्हणून महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात द्यायचं टिपण तयार करतोय. बैठकीत सगळ्यांनी मान डोलावलेली पद्धत अशी: रूळ काढा, खडी उचला, वर पेव्हर ब्लॉक बसवा. मला ती पटत नाही, पण नेमकं का ते सांगता येत नाही. खडी उचलायलाच हवी का? पेव्हर नाही तर काय? आणि परवानग्या कुठल्या क्रमाने घ्यायच्या?

कायमरस्ता

खडी उचलू नका. त्या भरावावरची सगळ्यात महाग आणि सगळ्यात उपयोगी वस्तू तीच आहे, आणि ती फुकटात जागेवर मिळते आहे. रेल्वेची खडी म्हणजे मशीनवर फोडलेला काळा दगड, ६५ मिमीपासून २० मिमीपर्यंतचा. त्यातला बारीक माल मुद्दाम चाळून काढलेला असतो, पाणी झटकन खाली उतरावं म्हणून. ती उचलली की खालचा भराव उघडा पडतो, आणि खाडीकाठी तो बऱ्याचदा चिकणमातीचा. जुलैत त्यावर रोलर तर सोडाच, माणूससुद्धा धड चालणार नाही.

मात्र खडी तशीच ठेवून तिच्यावर थेट डस्ट, म्हणजे क्रशरची दगडभुकटी, ओतणं ही याहून जास्त वेळा होणारी चूक. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत डस्ट खडीच्या पोकळीत उतरते आणि वर बशीसारखे खड्डे पडतात. ठेकेदार पुन्हा डस्ट टाकतो, तीही उतरते.

करायचं असं. दर १०० मीटरला हातभर रुंदीचा खड्डा घेऊन पाहा: स्वच्छ खडी किती जाड आहे, कुठून मातीमिश्रित होते, तळाला पाणी साचलंय का. रूळ-स्लीपर निघाल्यावर स्लीपरच्या जागी आडवे खळगे राहतात. ते बाजूच्या खडीने भरून जेसीबीच्या बकेटने चार मीटर रुंदीत सपाट करा. मग ८ ते १० टनी व्हायब्रेटरी रोलर. आधी दोन फेऱ्या व्हायब्रेशन बंद ठेवून, मग चार ते सहा चालू करून. एवढ्याने खडी पूर्ण बसत नाही, कारण दगड एकाच जातीच्या मापाचे. म्हणून २० मिमी आणि त्यावर १० मिमी चिप्स पसरून, झाडूने पोकळीत घालून पुन्हा दबाई करायची, चिप्स खाली जायच्या थांबेपर्यंत. त्यावर १२५ मिमी वेट मिक्स (पाणी घालून मिसळलेली लहान-मोठी खडी आणि डस्ट), पाणी बेताचं ठेवून.

जिओटेक्सटाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड) सगळीकडे घालायचा सध्या फॅशनसारखा आग्रह दिसतो. चिप्सनी पोकळी नीट बंद झाली असेल तर त्याची गरज फक्त माती शिरलेल्या खडीच्या पट्ट्यात. तिथे न विणलेलं, चौरस मीटरला निदान २०० ग्रॅम वजनाचं, जोडावर ३०० मिमी चढवून.

आता वरचा थर. परदेशी फोटोंत जी पांढुरकी, घट्ट बसलेली वाट दिसते, ती बऱ्याच ठिकाणी चुनखडीच्या चुऱ्याची असते. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधली एल्रॉय-स्पार्टा ही रेल्वेमार्गावर झालेल्या सुरुवातीच्या वाटांपैकी एक, ती तशीच आहे. चुनखडीची भुकटी पाण्याने थोडी विरघळते आणि वाळताना दाण्यांना धरून ठेवते. आपला बेसाल्ट तसं करत नाही. त्याची डस्ट सुकली की उडते, भिजली की वाहते. म्हणून इथे डस्टमध्ये वजनाच्या ४ टक्के सिमेंट मिसळून ७५ मिमीचा थर घ्या. पाणी लागल्यापासून दोन तासांत दबाई संपली पाहिजे, आणि सात दिवस ओली पोती किंवा प्लास्टिक. थर ५० मिमीवर आणला तर पापुद्र्यासारखा सुटतो. पैसे वाचवायचेच तर रुंदीत वाचवा, जाडीत नाही.

पेव्हरबद्दल: भरावाच्या कडेला त्यांना धरून ठेवायला काही नसतं. दोन्ही बाजूंना काँक्रीटचा कर्ब नसेल तर ओळी बाहेर सरकतात, सांध्यातली वाळू पावसात जाते आणि व्हीलचेअरवरच्या माणसाचे दात वाजतात. प्रवेशाजवळचे पंधरा-वीस मीटर पेव्हर ठीक.

सात_बारा

वरचं सगळं बरोबर, पण ते दुसऱ्या वर्षाचं काम आहे. आधी जमीन कुणाची ते पाहा. अशी सायडिंग एकाच मालकाची क्वचित असते. मुख्य मार्गापासून फुटते तो भाग रेल्वेचा, मधला पट्टा एमआयडीसीचा किंवा सिडकोचा, शेवट कारखान्याच्या भूखंडात, असं त्रांगडं सहज निघतं. त्यातून जमीन एकाची आणि वरचे रूळ दुसऱ्याचे असंही असू शकतं, कारण खासगी सायडिंग कारखान्याच्या खर्चाने टाकली जाते.

म्हणून पहिल्यांदा प्रत्येक तुकड्याचा सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक आणि भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा काढा. सोबत माहिती अधिकारात दोन अर्ज: एक मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाकडे, एक एमआयडीसीकडे. ‘सायडिंगचं काय झालं’ असा मोघम प्रश्न विचारलात तर उत्तरही मोघम येईल. सायडिंग कराराची प्रत, ती तात्पुरती बंद की कायमची बंद याचा आदेश, रूळ कोणाच्या मालमत्तेत नोंदलेत, आणि हद्दीचा नकाशा, एवढं नेमकं मागा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

तोवर उत्साहाने ‘स्वच्छता मोहीम’ काढू नका. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि पडलेली एखादी फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) आठवण म्हणून घरी नेलीत तर रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दलचा १९६६ चा कायदा लागतो. तो गंमतीचा नाही.

रूळ मालकाने लिलावात भंगार म्हणून विकायचे असतात. इथेच एक कळीची जागा आहे, जी बहुतेक जणांच्या हातून सुटते. भंगाराच्या निविदेत तीन अटी घालायला लावा: खडी उचलायची नाही, खळगे भरून द्यायचे, कापलेले रूळ मोऱ्यांवरून ओढत न्यायचे नाहीत. नाहीतर ठेकेदार खडीसुद्धा नेतो किंवा विस्कटून टाकतो, आणि वर ‘कायमरस्ता’ यांनी सांगितलेली सगळी पद्धत बाद होते.

अर्जदार महापालिका असावी, सोसायट्यांचा संघ नाही. संघाने टिपण द्यावं, पाठपुरावा करावा. रेल्वे जमीन कायमची देऊन टाकेल ही आशा सोडा. वापराचा परवाना मागा आणि ‘गरज पडल्यास मार्ग परत घेता येईल’ हे स्वतःहून लिहून द्या. अमेरिकेत १९८३ च्या दुरुस्तीने नेमकी हीच सोय केली: मार्ग मोडायचा नाही, भविष्यातल्या रेल्वेसाठी राखून ठेवायचा आणि तोवर लोकांनी चालायचं. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, पण परवान्याच्या अटींत तेच लिहिता येतं. मग वाटेवर पक्कं बांधकाम नको. स्वच्छतागृह वगैरे असेल ते भरावाच्या बाहेर.

अवांतर: मुंबईत बंद पडलेला मार्ग मोकळा राहत नाही हा जुनाच अनुभव. अंधेरी-कुर्ला-ट्रॉम्बे ही लाइन १९२८ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंद झाली. कलिना-कुर्ल्याकडचा सीएसटी रोड हे नाव तिच्यावरून, म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवेवरून आलेलं. आज तिथे काय शिल्लक आहे ते डोळ्यांनी बघा आणि मोजणी लवकर करून घ्या.

निचरा

तिवरांच्या भागाबद्दल कुणीच बोललं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार तिवरांभोवती ५० मीटरचा पट्टा राखीव आहे, शिवाय सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध. त्या ३०० मीटरमध्ये नवा भराव, रुंदीकरण, लाकडी पूल यांपैकी काहीही आराखड्यात दाखवलंत तर पूर्ण १.६ किमीची फाइल तिथे अडकेल. दोन टप्पे करा. पहिला १.३ किमी तिवरांच्या अलीकडे, पण तोही ५० मीटरच्या बाहेर आहे का ते मोजूनच ठरवा. दुसरा टप्पा किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी येईल तेव्हा.

आणि ‘कायमरस्ता’, तुमच्या वेट मिक्सच्या आधी मोऱ्या. रेल्वेचा भराव म्हणजे बांधच असतो, त्याच्या वरच्या अंगाची वस्ती त्या तीन मोऱ्यांवर अवलंबून आहे. पाइपमोरीच्या बरोबर वर भरावाला गोल खळगा पडलेला दिसला तर समजा पाइपचा सांधा उघडलाय आणि माती आत जाते आहे. रूळ असताना ती खोदणं कठीण होतं. रूळ निघाल्यानंतर आणि थर पडायच्या आधी, त्या मधल्या काळात, खोदून नवा पाइप टाकणं सगळ्यात स्वस्त. जुन्या पाइपमध्ये बारीक पाइप सरकवायचा सल्ला कुणी दिला तर आधी विचारा की पाणी मावणार का, कारण व्यास कमी होतो.

खाडीच्या बाजूच्या तोंडाला झडप बसवा, भरतीचं पाणी उलटं येऊ नये म्हणून. पण झडपेत प्लास्टिक अडकलं की ती उघडीच राहते किंवा बंदच, त्यामुळे आतल्या अंगाला जाळी हवी आणि ती साफ करणारा माणूस नावानिशी ठरलेला हवा. घुशींची आणि खेकड्यांची बिळं भरावाच्या पायथ्याशी शोधा. नुसती माती कोंबून उपयोग नाही, उकरून थराथराने ठोकून भरावी लागतात.

वाटेला उतार एकाच बाजूला द्या, ५० ला १. मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतार अशी कमान ३ मीटरच्या वाटेवर रोलरने नीट साधत नाही आणि व्हीलचेअर सारखी कडेला ओढली जाते.

खाडीकाठ

एवढं तपशिलात मिळेल असं वाटलं नव्हतं, आभार. आणखी तीन गोष्टी. रूळांचा एखादा तुकडा वाटेतच ठेवावा अशी सूचना आहे, लोकांना आवडेल म्हणून. लाकडी स्लीपरचे बाक करावेत अशी दुसरी. आणि सगळ्यांची भीती: वाट झाली की दुसऱ्या दिवसापासून दुचाकी आणि रिक्षा. शिवाय टिपणात टाकायला मालाचे आकडे मिळाले तर बरं.

दोनचाकी

रूळ वाटेत नकोत. चाकाची कड जायला रूळाशेजारी जी खाच लागते ती दोन इंचांहून थोडी जास्त असते. सायकलचं ३५-४५ मिमीचं टायर तिच्यात बरोबर बसतं आणि सायकलस्वार तोंडावर पडतो. आठवण ठेवायचीच तर वाटेच्या बाजूला, कडेच्या मुरमाच्या खांद्याच्या बाहेर, वीस-तीस मीटर. जिथे डांबरी रस्ता ओलांडताना रूळ अजून रस्त्यात गाडलेले आहेत तिथे ते काढून घेणंच बरं. तोवर सायकल त्यांना काटकोनात जाईल अशी आखणी करा. तुमचा रस्ता तिरका जातो म्हणजे शेवटच्या आठ-दहा मीटरमध्ये वाट वळवून काटकोनात आणावी लागेल. ते वळण आपोआप वेगही कमी करतं.

तिथे कंटेनर जात असतील तर नुसते पांढरे पट्टे रंगवून भागत नाही. रस्त्यावर १०० मिमी उंचीचा सपाट टेबल करा, दोन्हीकडे लांब उतार, आणि टेबलाच्या वरच्या अंगाला गटाराची जाळी. नाहीतर पहिल्याच पावसात तिथे तळं होतं आणि दोष टेबलाला जातो. मापं इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ११ (सायकल) आणि आयआरसी १०३ (पादचारी) यांतून घ्या, महापालिकेचा अभियंता तेच विचारेल.

रिक्षा साधारण १.३ मीटर रुंद. खांबांमध्ये १.२ मीटर मोकळी जागा ठेवली की ती अडते आणि व्हीलचेअर जाते. दुचाकी मात्र अडत नाही. दुचाकी अडवेल आणि व्हीलचेअर सोडेल असं फाटक मिळत नाही, कुणी विकायला आलं तर विकत घेऊ नका. वळणावळणाची लोखंडी फाटकं सगळ्यात आधी व्हीलचेअर आणि बाळाची गाडी अडवतात. दुचाकीवाला बाजूची जाळी वाकवून जातो. दुचाकी येते ती शॉर्टकट मिळतो म्हणून. वाट दोन रहदारीचे रस्ते जोडत असेल तर सुरुवातीचे काही महिने दोन्ही टोकांना गर्दीच्या वेळी माणूस ठेवायची तरतूद खर्चात दाखवा.

तीन मीटर चढायला व्हीलचेअरचा रॅम्प १२ ला १ म्हणजे ३६ मीटर. दर ७५० मिमी उंचीनंतर दीड मीटरचा सपाट टप्पा धरला तर साडेचाळीस. एवढी जागा रस्त्याच्या तोंडाशी नसतेच, तो भरावाच्या अंगाने समांतर न्यावा लागेल. ही गोष्ट नकाशावर आधीच दाखवा, नंतर सुचली की तिथे पायऱ्या होतात.

तामण

स्लीपरचे बाक नको. लाकडी स्लीपर क्रिओसोटमध्ये, म्हणजे लाकूड टिकवणाऱ्या डांबरी तेलात, मुरवलेले असतात. एप्रिल-मेच्या उन्हात ते तेल पाझरतं, कपड्याला लागतं, कातडीची आग होते. ते जाळायचेही नाहीत, भाजीच्या वाफ्याला कडा म्हणून लावायचेही नाहीत.

रासायनिक कारखान्यांचा पट्टा आहे, तेव्हा माल उतरवायच्या जागेची माती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. नमुने दोन खोलींवर घ्या, वरचे १५ सेमी आणि ३० ते ६० सेमी. मार्गावर दर १५० मीटरला आणि माल उतरवायच्या जागेजवळ जास्त दाट. जड धातू, तेल आणि क्रिओसोटच्या जातीची संयुगं मागा. दूषित निघाली तर ती उकरून हलवण्यापेक्षा जागेवर झाकणं बहुतेक वेळा सोपं पडतं: जिओटेक्सटाइल आणि वर ३०० मिमी स्वच्छ मुरूम. पण ते तज्ज्ञाच्या सहीने, आणि तिथे झाडं लावायची नाहीत.

बिडाच्या प्लेटवाल्या स्लीपरचे कॉटर आणि चाव्या, म्हणजे लोखंडी पाचरी, खडीत राहून जातात. दबाईच्या आधी मोठं चुंबक ओढून घ्या, नाहीतर पंक्चरची दुकानं खूश.

झाडं भरावाच्या माथ्यावर किंवा उतारावर नकोत, मुळं वाट उचलतात. पायथ्याशी, ५-६ मीटरवर एक: खाडीकडच्या बाजूला करंज आणि भेंड, खारी हवा सोसणारे, आतल्या बाजूला तामण, बकुळ, कदंब. गुलमोहर नको, वादळात पहिला तोच आडवा होतो. मोरीच्या दगडी भिंतीत पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, सोबत दगड येतात. कापून, मूळ मारून, सांधे भरून घ्या. सुबाभूळसुद्धा कापायची तर वृक्ष प्राधिकरणाला विचारून.

दिव्यांचे खांब चार मीटरचे, उजेड पिवळसर आणि खाली वळवलेला. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ पासून रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या); खाडीकडच्या टप्प्यात दिवे नकोतच, सूर्यास्तानंतर तो भाग बंद. उरलेल्या भागात जोडपेट्या पुराच्या पातळीच्या वर आणि प्रत्येक फीडरला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच). पावसाळ्यात खांबाला हात लागून माणसं दगावतात ती तो नसल्यामुळे.

कायमरस्ता

आकडे. १.६ किमी × ३ मीटर म्हणजे ४,८०० चौरस मीटर. वेट मिक्स १२५ मिमी: दबाईनंतर ६०० घनमीटर, सुटा माल तीस टक्के जास्त धरून ७८० घनमीटर, म्हणजे २७५ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). हायवात (मोठ्या डंपरमध्ये) पाच-सहा ब्रास धरले तर पन्नासेक खेपा, आणि त्या भरावावर कुठून चढणार हे आधी ठरवा. वरचा थर ७५ मिमी: ३६० घनमीटर, सुटा १६५ ब्रास, सिमेंट साधारण २९ टन, ५७५ पोती. चिप्सचा आकडा खड्डे घेतल्याशिवाय सांगू नये. पहिल्या टप्प्याचाच १.३ किमी धरत असाल तर सगळ्याला ०.८१ ने गुणा. दर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीतून घ्या, बाजारभाव लिहिलात तर टिपण परत येईल.

जुन्या एकेरी भरावाचा माथा सहा मीटरच्या आसपास असतो. त्यात ३ मीटर वाट आणि दोन्हीकडे अर्धा मीटर मुरमाचा खांदा, हरळी लावून. उरलेलं मोकळं ठेवा. कडा ढासळलेल्या असतात, रोलर तिथे जाऊ नये.

रूळांचं भंगारही टिपणात दाखवा, मालकाला तेच आधी दिसतं. ५२ किलोचा रूळ असेल तर मीटरला दोन्ही मिळून १०४ किलो. मार्ग सलग असता तर १६६ टन झाले असते. जे तुकडे गेलेत ते मोजून वजा करा. रूळाच्या बाजूवर वजनाचा शिक्का असतो, अंदाज करायची गरज नाही. मात्र शिक्का वाचायला जाल तोही परवानगी घेऊनच, आणि वर विजेची तार उरली असेल तर ती जिवंत आहे असंच धरून.

खाडीकाठ

पावसाळ्याआधी कागद पूर्ण होणार नाहीत हे दिसतंय. या पावसाळ्यात बाहेरून करता येण्यासारखं काही?

निचरा

आहे. भरतीच्या तक्त्यात जून ते सप्टेंबरमधले ४.५ मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस काढून ठेवा. त्यातल्या ज्या दिवशी जोराचा पाऊस असेल, त्या दिवशी सार्वजनिक रस्त्यावरून, हद्दीत न शिरता, तिन्ही मोऱ्यांच्या दोन्ही अंगांचे फोटो घ्या: भरतीच्या वेळेआधी एक तास, भरतीला आणि नंतर दोन तासांनी. फोटोत एखादी पक्की खूण यायला हवी, कुंपणाचा खांब, भिंतीची वीट, म्हणजे पातळी नंतर मोजता येते. वरच्या अंगाला पाणी किती वेळ तुंबून राहिलं ते मिनिटांत लिहा. जी मोरी रस्त्यावरून दिसत नाही तिच्यासाठी वरच्या अंगाच्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवरून चालेल, सोसायटीला विचारून.